सड्यावरून पाणी किती वाहील, माती किती जाईल: पावसाआधीच अंदाज बांधण्याची पद्धत

डोंगरउतारावर चर खणायचा असो, चराऊ रानात बांध घालायचा असो किंवा काजूची नवी लागवड करायची असो, पहिला प्रश्न एकच असतो: इथून पाणी किती येईल? उत्तर काढायची पद्धतही बहुतेक ठिकाणी एकच दिसते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला निम्मा वाहून जातो असे धरायचे, क्षेत्रफळाने गुणायचे आणि कामाला लागायचे. मग तो चर पुनर्वसू नक्षत्रात काठोकाठ भरतो आणि फुटतो. तो फुटला की साठलेले सगळे पाणी एकाच जागेतून सुटते, आणि चर नसता तर गेली असती त्याहून जास्त माती घेऊन जाते.

चूक गुणाकारात नसून एकच आकडा धरण्यात आहे. आपला सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे पठार, नोव्हेंबरपासून मेपर्यंत कोरडे माळरान असतो. गवताचे करड झालेले, बरेचसे गुरांनी खाल्लेले किंवा जळलेले, मधल्या मातीवर कडक पापुद्रा. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाणी वाहते ते हा पृष्ठभाग तितक्या वेगाने पाणी पिऊ शकत नाही म्हणून. जुलैत कारण वेगळे असते. तेव्हा गवत उगवलेले असते, पृष्ठभाग मऊ असतो, पण खालच्या जांभ्यावरची वीतभर माती आधीच पाण्याने भरलेली असते. कारणे दोन, म्हणून हिशेबही दोन. दोन्हींसाठी लागणारी मोजणी मात्र पावसाआधी, मे महिन्यात करायची.

## तयारी: सोबत काय घ्याल

५० मीटरची टेप, खुणेच्या खुंट्या, दोन सारख्या उंचीच्या काठ्या आणि १०-१५ मीटर पारदर्शक नळी (गवंडी लेव्हलसाठी वापरतात तीच), एक पहार, एक टोकदार सळई, ३० सेंटीमीटर व्यासाचे पत्र्याचे कडे, मोजपात्र, २०-३० लिटर पाणी, घड्याळ, वही. कडे पत्र्याच्या जुन्या डब्याची दोन्ही तोंडे कापूनही होते, व्यास तेवढा मोजून घ्या. मोबाइलवरचे नकाशे हद्द ठरवायला उपयोगी पडतात. उतार मोजायला त्यांवर विसंबू नका, ५०-६० मीटरच्या तुकड्यात त्यांची चूक फार मोठी होते.

दिवस निवडताना वळवाची सर पडून गेल्यावर निदान आठवडाभर थांबा. ओल्या पृष्ठभागावर घेतलेली पाणी मुरण्याची मोजणी जूनच्या हिशेबाला चालत नाही.

## पायरी १: पाणलोटाची हद्द चालून ठरवा

ज्या जागी पाण्याचा अंदाज हवा, म्हणजे चराची जागा, वहाळाचे तोंड किंवा बांधाचा खालचा कोपरा, तिथे उभे राहा आणि वर चढत जा. पाणी आपल्याकडे वळते आणि पलीकडे वळते यांमधली रेषा म्हणजे हद्द. जमिनीच्या कागदांवरची किंवा कुंपणाची हद्द इथे कामाची नाही.

सड्यावर दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली रस्ता: डोंगर कापून काढलेला कच्चा रस्ता पलीकडच्या उताराचे पाणी गोळा करून वळणावर आपल्या उतारावर सोडतो. दुसरी सोडून दिलेली चिरेखाण: ती सुरुवातीचे पाणी पोटात ठेवते आणि भरल्यावर एका कोपऱ्यातून सोडते. दोन्ही नकाशावर उताराच्या बाहेर दिसतात, पाणी मात्र तुमच्या हिशेबात येते.

तपासा: क्षेत्रफळ हेक्टरमध्ये लिहिले का? पुढे एक गणित सतत लागेल. १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर.

## पायरी २: उताराची टक्केवारी, लांबी आणि आकार

काठ्या आणि पाण्याची नळी घेऊन वरून खाली या. दर १० मीटरला उंचीतला फरक नोंदवा. उतार म्हणजे उंचीतला फरक भागिले आडवे अंतर, गुणिले १००. मोबाइलचे अॅप बहुधा अंश दाखवते, आणि अंशांचा आकडा टक्के म्हणून सरळ सूत्रात घालणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. २० अंश म्हणजे ३६ टक्क्यांहून जास्त. या एका गोंधळाने मातीचा अंदाज सुमारे २.७ पटीने बदलतो.

लांबी कुठून कुठवर मोजायची? पाणी पसरून वाहायला सुरुवात होते तिथून, ते ओघळीत शिरते किंवा सपाटीवर मंदावते तिथपर्यंत. डोंगराची पूर्ण उंची म्हणजे उताराची लांबी नव्हे. मध्ये जुना बांध, मेर किंवा जांभ्याची आडवी पायरी असेल आणि तिथे पाणी खरेच थांबत असेल, तर उतार तिथे संपला आणि खाली नवा सुरू झाला.

आकारही लिहा: सरळ, फुगीर, खोलगट किंवा नागमोडी. गोव्यातले सड्यांचे काठ बहुतेक फुगीर असतात, वर जवळजवळ सपाट आणि कडेला एकदम तीव्र. अशा ठिकाणी सरासरी उतार धरला तर काठावरची धूप हिशेबातून निसटते. सपाटी आणि काठ असे दोन तुकडे वेगळे मोजा.

## पायरी ३: जमिनीवर काय आहे ते मोजा

सगळ्या अंदाजात जास्तीत जास्त वजन या पायरीचे आहे, आणि हीच पायरी नजरेने उरकली जाते. उभ्याने पाहिले की गवत खरे असते त्यापेक्षा दाट दिसते, कारण नजर तिरपी पडते आणि पाती मधली मोकळी जागा झाकतात. पावसाचा थेंब उभा पडतो. म्हणून वरून खाली, बिंदू-बिंदूने मोजायचे.

टेप उतारावर ताणून ठेवा. दर ५० सेंटीमीटरला सळई सरळ खाली सोडा. अशा १०० नोंदी होतात, त्यामुळे प्रत्येक नोंद म्हणजे एक टक्का. प्रत्येक बिंदूवर दोन गोष्टी लिहा. वरून येताना सळईला काही पान किंवा पाते लागले का? आणि जमिनीवर ती कशावर टेकली: गवताच्या बुंध्यावर, पालापाचोळ्यावर, सुट्या दगडावर, मातीत रुतलेल्या खड्यावर, उघड्या कातळावर, शेवाळाच्या काळपट थरावर की नागड्या मातीवर? एका तुकड्यात निदान तीन रेषा घ्या. एक वर, एक मध्ये, एक खाली.

दगडांचा प्रकार नीट ओळखा. मातीवर नुसता पडलेला सुटा जांभ्याचा खडा थेंबाचा मार झेलतो आणि खालची माती मोकळी राहते, तिथे पाणी मुरते. पापुद्र्यात घट्ट रुतलेला खडा पाणी वाहवतो. सलग उघड्या कातळावरून माती जाणार नाही, कारण तिथे मातीच नाही, पण त्यावर पडलेले बहुतेक पाणी खालच्या मातीच्या पट्ट्यावर एकवटून येते. तिन्हींना ‘दगड’ या एकाच रकान्यात टाकले तर हिशेबाला अर्थ राहत नाही.

काजूच्या बागेत वेगळी फसगत होते. वरचे छत्र ७०-८० टक्के भरते आणि पाहणाऱ्याला बाग सुरक्षित वाटते. पण बिया वेचता याव्यात म्हणून हंगामात झाडाखालचा पाला झाडून काढलेला असतो, कित्येकदा जाळलेला. मेअखेर झाडाखाली नागडी माती असते, आणि उंच पानांवरून गळणारे टपोरे थेंब तिच्यावर पडतात. छत्र आणि जमिनीवरचे आच्छादन हे दोन रकाने वेगळे ठेवायचे ते यासाठी.

आता मोकळ्या जागांची मांडणी पाहा. कोरड्या माळरानांच्या अभ्यासातून आपण घ्यावा असा मोठा धडा हाच आहे. दोन उतारांवर गवत सारखेच ४५ टक्के असू शकते. एकावर ते उताराला आडव्या पट्ट्यांत असेल तर वरच्या नागड्या जागेतले पाणी खालचे गवत पिते. दुसऱ्यावर मोकळ्या जागा उभ्या जोडल्या गेल्या असतील, म्हणजे गुरांच्या पायवाटा, जळालेला पट्टा, मोटारसायकलींची वाट, तर तेच पाणी थेट वहाळात जाते. म्हणून टेपवर बुंध्यांमधली अंतरेही लिहा आणि नागड्या जागा वरून खाली सलग जोडल्या आहेत का याचे कच्चे चित्र काढा.

इशारा: ही मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करू नका. तेव्हाचा हिरवा सडा पाहून काढलेला आकडा जूनच्या सरींना लागू होत नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांवर लागलेल्या आगींसारखा प्रसंग आला तर त्या वर्षीची मोजणी नव्यानेच करा, जुनी वही वापरू नका.

## पायरी ४: माती किती खोल, आणि किती पिते

पहार ठोकून खोली पाहा, प्रत्येक रेषेवर पाच-सहा जागी. सड्यावर एका जागी १० सेंटीमीटरला कातळ लागतो आणि हातभर अंतरावर ६० सेंटीमीटर जाते. म्हणून सरासरीबरोबर कमीतकमी आकडाही लिहा.

जांभा लागला म्हणजे पाणी तिथे थांबलेच असे नाही. फटी असलेला, चाळणीसारखा जांभा पाणी खाली सोडतो, सलग कडक थर सोडत नाही. पहारीच्या भोकात पाणी ओता आणि अर्ध्या तासाने पाहा. पाणी उभे असेल तर खालचा थर बंद आहे. त्यावर ५० सेंटीमीटरहून कमी माती असेल तर अमेरिकी मृदा संधारण सेवेच्या वर्गवारीत ती जमीन ‘ड’ गटात जाते, म्हणजे सर्वांत जास्त पाणी वाहवणारी. पाणी निघून गेले आणि माती चिकणसर दुमट असेल तर ‘क’ गट धरा. नकाशावर ‘लाल जांभी माती, चांगला निचरा’ असे वाचून थेट ‘अ’ किंवा ‘ब’ गट धरतात, त्याने पाण्याचा अंदाज फारच कमी येतो.

पाणी मुरण्याचा वेग मोजायला पत्र्याचे कडे ५ सेंटीमीटर आत बसवा. आतला पापुद्रा तुटू देऊ नका, तो तुटला तर जागा बदला. बाहेरून ओल्या मातीने कड लिंपा. आत फडक्याचा तुकडा ठेवून त्यावर १ लिटर पाणी हळू ओता. ३० सेंटीमीटर व्यासाच्या कड्यात १ लिटर म्हणजे सुमारे १४ मिमी. ते मुरायला लागलेला वेळ लिहा, लगेच दुसरा लिटर, मग तिसरा. वेळ स्थिर होईपर्यंत चालू ठेवा. एक लिटर १४ मिनिटांत मुरत असेल तर वेग ताशी ६० मिमी.

हे नागड्या जागी तीनदा आणि गवताच्या बुंध्यापाशी तीनदा करा. दोन्हींची सरासरी काढून एक आकडा करू नका, तो फरकच पुढे लागणार आहे. कड्याखाली पाणी बाजूलाही पसरते, त्यामुळे आलेला वेग खऱ्यापेक्षा जास्तच असतो. त्याला वरची मर्यादा समजा.

## पायरी ५: पावसाचे आकडे

तीन गोष्टी हव्यात: रोजचा पाऊस, आधीच्या पाच दिवसांची बेरीज आणि सरीचा वेग. हवामान खात्याची रोजची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते. स्वतः मोजताना तीच वेळ पाळा, नाहीतर जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडता येणार नाही. खात्याच्या भाषेत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. किनाऱ्याचा आकडा सत्तरी, धारबांदोडा किंवा सांगे तालुक्याला लावू नका, घाटाच्या पायथ्याशी पाऊस बराच वाढतो.

वेगासाठी सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा आणि जोराच्या सरीत दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची घ्या. एका पावसाळ्यातल्या अशा मोजक्या सरी नोंदल्या तरी पुढच्या मेमध्ये हातात खरा आकडा असतो. जून आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी सरी चुकवू नका.

## पायरी ६: जूनचा हिशेब, वेगावरून

समजा अर्धा तास ताशी ६० मिमी वेगाने पाऊस पडला, म्हणजे ३० मिमी. मोजणीत नागडी जागा ५५ टक्के, तिथे मुरण्याचा वेग ताशी १५ मिमी. गवताखाली ४५ टक्के, तिथला वेग ताशी ९० मिमी.

नागड्या जागी अर्ध्या तासात ७.५ मिमी मुरले, २२.५ मिमी वाहिले. पूर्ण उतारावर पसरून पाहिले तर २२.५ × ०.५५ = सुमारे १२ मिमी. गवताची जागा स्वतःवरचा पाऊस पिऊन वर आणखी १५ मिमी पिऊ शकते, म्हणजे पूर्ण उताराच्या मानाने १५ × ०.४५ = सुमारे ७ मिमी. ते पाणी गवतापर्यंत पोहोचले तर वाहणारे १२ वरून ६ मिमीच्या आसपास येते. उत्तर ‘६ ते १२ मिमी’ असे लिहा. नागड्या जागा सलग जोडलेल्या असतील तर १२ कडे झुका, आडव्या पट्ट्यांत गवत असेल तर ६ कडे.

आता हीच सर प्रचलित कर्व्ह नंबर पद्धतीत घालून पाहा (हा नंबर जितका मोठा तितके पाणी जास्त वाहते, पद्धत पुढच्या पायरीत आहे). ‘क’ गट, खराब कुरण, कोरडी जमीन, तर कर्व्ह नंबर सुमारे ७२ येतो आणि ३० मिमी पावसातून वाहते अवघे १ मिमी. पद्धत खोटी नाही. तिला दिवसाचा पाऊस कळतो, सरीचा वेग आणि मातीवरचा पापुद्रा कळत नाही. जूनमध्ये कोरडी जमीन सगळे पाणी पिऊन टाकते हा समज इथूनच येतो, आणि पहिल्याच सरीत लाल झालेला वहाळ त्याच्या उलट सांगतो.

## पायरी ७: जुलैचा हिशेब, साठवणीवरून

आधी साधा अंदाज. २५ सेंटीमीटर माती आणि त्यात ४० टक्के पोकळी असेल तर एकूण जागा १०० मिमी पाण्याची. झडीच्या दिवसांत यातली बरीच आधीच भरलेली असते. त्यावर १०० मिमीचा दिवस आला की उरलेले पाणी वाहणारच, वर गवत कितीही दाट असो.

आता कर्व्ह नंबर. गुरे चरणाऱ्या कुरणासाठी मूळ तक्त्यातले आकडे असे: ‘क’ गटात खराब ८६, मध्यम ७९, चांगले ७४. ‘ड’ गटात अनुक्रमे ८९, ८४, ८०. खराब म्हणजे जमिनीवरचे आच्छादन ५० टक्क्यांहून कमी, चांगले म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त.

साठवण = २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४ (मिमी)

वाहणारे पाणी = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण)

पाऊस साठवणीच्या ०.२ पटीहून कमी असेल तर वाहणारे पाणी शून्य धरायचे. वर्गामुळे सूत्र तेव्हाही खोटा आकडा देते, आणि एक्सेलमध्ये हिशेब करणारे बरेच जण इथे फसतात.

तक्त्यातले आकडे मध्यम ओलाव्याचे आहेत. वाढीच्या हंगामात आधीच्या पाच दिवसांत ५३ मिमीहून जास्त पाऊस झाला असेल तर जमीन ओली धरून नंबर वाढवायचा: २३ × नंबर ÷ (१० + ०.१३ × नंबर). ३६ मिमीहून कमी असेल तर कोरडी: ४.२ × नंबर ÷ (१० − ०.०५८ × नंबर). आपल्याकडे आर्द्रा लागल्यापासून पुढे पाच दिवसांत ५३ मिमी ओलांडले जाणे ही नेहमीचीच गोष्ट. तरी कित्येक अहवालांत पूर्ण पावसाळ्याला मध्यम ओलावाच धरलेला दिसतो.

‘क’ गट आणि १०० मिमीचा दिवस घेतला तर काय होते पाहा. मध्यम ओलाव्यात खराब कुरणावरून ६३ मिमी वाहते, चांगल्या कुरणावरून ३९. ओल्या जमिनीवर खराब कुरणाचे सुमारे ८१ आणि चांगल्याचे सुमारे ६५. म्हणजे जुलैतले उत्तम गवतही मध्यम ओलाव्यातल्या उजाड रानाइतके पाणी सोडते. गवत माती धरून ठेवते, पण भर पावसाळ्यात पाणी थांबवण्याची आशा त्याच्याकडून ठेवायची नाही. चर आणि सांडव्याचे माप या आकड्यावर ठरवा.

तपासा: तुमचे उत्तर पावसापेक्षा जास्त येत नाही ना? येत असेल तर मिमी आणि सेंटीमीटर मिसळले आहेत. हे तक्ते सौम्य उताराच्या जमिनीवर बेतलेले आहेत, तेव्हा २०-३० टक्के उतारावर खरा आकडा त्याहून जास्तच धरा.

सांडव्यासाठी शिखर प्रवाह हवा असेल तर: गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहतो तो) × वेग (मिमी ताशी) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. गुणांक ०.६, वेग १००, क्षेत्र २ हेक्टर असेल तर ०.३३ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३० लिटर. वेग घेताना दिवसाच्या पावसाला २४ ने भागू नका. छोट्या उतारावरून पाणी काही मिनिटांतच खाली पोहोचते, त्यामुळे तेवढ्या मिनिटांतला वेग हवा.

## पायरी ८: मातीचा हिशेब

इथे विश्मायर आणि स्मिथ यांचे १९७८ च्या पुस्तिकेतले सार्वत्रिक समीकरण वापरतात: पावसाची धूपशक्ती × मातीची धूपशीलता × उताराचा घटक × आच्छादनाचा घटक × उपायांचा घटक. पहिल्या दोन घटकांची एकके वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी आहेत. एक घटक एका पुस्तकातून आणि दुसरा दुसऱ्यातून उचलला तर उत्तर जवळजवळ दहापट चुकू शकते. त्यामुळे या समीकरणाचा उपयोग मी तुलनेसाठी करण्याचा आग्रह धरतो. एकाच डोंगरावर पाऊस आणि माती सारखीच असेल तर ते दोन घटक कटून जातात आणि हातात राहते ते स्वतः मोजलेले.

उताराचा घटक, ५ टक्के व त्याहून जास्त उतारासाठी: (लांबी ÷ २२.१३) चे वर्गमूळ × (६५.४१ × ज्या² + ४.५६ × ज्या + ०.०६५). ज्या म्हणजे उताराच्या कोनाची साइन. ६० मीटर लांबीचा १० टक्के उतार १.९ देतो, २० टक्के उतार ५.७. उतार दुप्पट, धूप तिप्पट. लांबी ६० वरून १५ मीटर केली, म्हणजे समपातळीवर चर किंवा वाळ्याची दाट रांग घातली, तर ५.७ चे २.९ होते.

आच्छादनाचा घटक, झाडोरा नसलेल्या गवताळ जमिनीसाठी, मूळ तक्त्याप्रमाणे: जमिनीवर काही नसेल तर ०.४५, २० टक्के आच्छादनाला ०.२०, ४० ला ०.१०, ६० ला ०.०४२, ८० ला ०.०१३. म्हणजे २० वरून ६० टक्क्यांवर गेल्यास धूप जवळपास पाचपट घटते, आणि त्यासाठी एक फावडेही मारावे लागत नाही. चराने निम्मी घटली होती. मेअखेर करड न जाळणे आणि काजूखालचा पाला वेचणी संपल्यावर परत पसरणे यांचे मोल या दोन आकड्यांतून कळते. तरीही बहुतेक आराखड्यांत खर्चाचे पान चरानेच भरलेले असते, याचे मला वाईट वाटते.

चर घालायचाच असेल तर पायरी ६ आणि ७ कडे परत जा. १५ मीटर अंतरावर ६० × ६० सेंटीमीटरचा चर दर मीटर लांबीला ०.३६ घनमीटर पाणी धरतो. जूनच्या सरीचे १२ मिमी म्हणजे ०.१८ घनमीटर, ते मावते. जुलैच्या दिवसाचे ६५ मिमी म्हणजे ०.९७ घनमीटर, ते मावणार नाही. म्हणून पाणी शांतपणे बाहेर काढणारा, दगड लावलेला सांडवा आधी आखा आणि चर नंतर खणा.

इशारा: हे समीकरण पसरून वाहणाऱ्या पाण्याची आणि बारीक ओघळींची धूप सांगते. घळ, ढासळणारा काठ आणि रस्त्याकडेची चरी त्यात येत नाहीत. उतारावर गुडघाभर घळ पडली असेल तर तिची लांबी, रुंदी, खोली वेगळी मोजा.

संगणकावरचे मॉडेल वापरणाऱ्यांसाठी: अमेरिकी कृषी खात्याचे ऱ्हेम, म्हणजे रेंजलँड हायड्रोलॉजी अँड इरोजन मॉडेल, माळरानासाठीच बनवलेले आहे आणि उताराची लांबी, आकार, पोत, छत्र, बुंधे, दगड, पाला हीच माहिती मागते. तुमची पायरी २ ते ४ ची वही त्याला जशीच्या तशी चालते. पण त्यातली समीकरणे पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या माळरानांवरच्या प्रयोगांतून आली आहेत. जूनच्या सरींसाठी, दोन उतारांची तुलना करायला, ते उपयोगी पडेल. भिजून भरलेल्या जुलैच्या सड्यासाठी त्याचा आकडा अहवालात घालू नका.

## पायरी ९: अंदाज खरा की खोटा ते जमिनीलाच विचारा

मेअखेर उतारावर ३० सेंटीमीटर लांबीचे खिळे किंवा सळया ठोका. वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या रांगा, प्रत्येकीत दहा. मातीपासून डोके किती वर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहा. ठोकताना भोवतालची माती हलली तर पहिली नोंद एक-दोन सरी पडून गेल्यावर घ्या. गुरांच्या वाटेवर खिळा ठोकू नका, जनावराला इजा होते आणि नोंदही जाते. सळईच्या डोक्याला रंग लावा.

सप्टेंबरअखेर परत मोजा. मातीची घनता घनमीटरला १.३ टन धरली तर १ मिमी माती म्हणजे हेक्टरी १३ टन. भारतात सहन करण्याजोगी वरची मर्यादा म्हणून हेक्टरी वर्षाला ११.२ टन हा आकडा वापरतात, म्हणजे मिलिमीटरभरसुद्धा नाही. सड्यावर जिथे मातीच वीतभर आहे तिथे ही मर्यादा मला सैल वाटते. एका खिळ्यावर निष्कर्ष काढू नका, माती वरच्या रांगेतून सुटून खालच्या रांगेत साठते. तिसांची सरासरी घ्या आणि रांगेनुसार वेगळीही लिहा.

पाण्यासाठी चराच्या भिंतीवर रंगाच्या रेघा मारा, दर १० सेंटीमीटरला. सर थांबल्यावर पाणी कुठल्या रेघेपर्यंत चढले ते त्या दिवसाच्या पावसाशेजारी लिहा. जूनमधले पाणी पायरी ६ च्या अंदाजापेक्षा सतत कमी भरत असेल तर गवत वरचे पाणी पकडते आहे किंवा कड्याची मोजणी फार कडक जागी झाली. जुलैत जास्त भरत असेल तर आधी पायरी १ ची हद्द पुन्हा चाला, कुठून तरी बाहेरचे पाणी शिरते आहे. हद्द बरोबर निघाली तर जमिनीचा गट ‘क’ वरून ‘ड’ करा. पुढच्या मेमध्ये त्याच तीन रेषांवर, त्याच खुंट्यांपासून टेप ताणा आणि नवे आकडे जुन्या पानाच्या शेजारच्या रकान्यात लिहा.